बाबांसाठी घेतलेला व्हेप

माझे सासरे फेब्रुवारी २०२०मध्ये आमच्याकडे नेदरलँड्समधल्या बेस्ट या गावी आले आणि त्या दिवसापासून आमच्या दोन्ही सायकलींच्या चाकांत कधी हवा कमी पडली नाही. माझा नवरा विवेक दिवसातून पाच-सहा वेळा मागच्या बागेतल्या शेडमध्ये जायचा. "जरा हवा भरून येतो," असं सांगून जायचा आणि परत यायचा तेव्हा त्याच्या स्वेटरला पुदिन्याचा वास असायचा.

सरळच सांगते. विवेक कॉलेजपासून सिगारेट ओढायचा. लग्नानंतर मी दोन वर्षं भांडले, एक वर्ष अबोला धरला, कशाचा काही उपयोग झाला नाही. मग २०१८ साली त्याने जवळच्या आइंडहोव्हन शहरातल्या एका दुकानातून व्हेप, म्हणजे धुराऐवजी वाफ ओढायची ई-सिगारेट, आणला. पेनाएवढा, शर्टाच्या खिशात मावणारा, बुडाशी व्होल्टेज कमी-जास्त करायचं चाक असलेला. फार महागाचाही नव्हता. तीन महिन्यांत सिगारेट सुटली. व्हेप मात्र सुटला नाही. त्यात भरायच्या लिक्विडमधलं निकोटीन कमी करत करत तो सगळ्यात हलक्या बाटलीपर्यंत आला आणि तिथेच मुक्काम ठोकून बसला. मला ते चालत होतं, कारण सकाळचा तो खोकला थांबला होता.

बाबांना यातलं काही माहीत नव्हतं. म्हणजे, माहीत नाही असं आमच्याकडे धरून चालायचं होतं. आमच्याकडे मुलगा वडिलांसमोर ओढत नाही. वडील स्वतः दिवसाला पंधरा ओढत असले तरी नाही. वडिलांना मात्र सगळीकडे मुभा. फक्त सून चहा घेऊन गेली की ते सिगारेट पाठीमागे धरतात, आणि सुनेने पाठीमागून येणारा धूर पाहायचा नसतो. लग्न झाल्यापासून मी तो धूर पाहिला नव्हता.

बाबांचं नाव राजानंद. खडकीला एका कारखान्यात छत्तीस वर्षं इलेक्ट्रिशियन, शेवटची काही वर्षं सुपरवायझर. सासूबाई जाऊन दोन वर्षं झाली होती आणि देहूरोडच्या घरात ते एकटेच राहायचे. तीन महिन्यांसाठी म्हणून आले. रोज सकाळी आंघोळ करून बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोसमोर मेणबत्ती लावायचे, पंचशील म्हणायचे आणि तिथून थेट बागेत जाऊन पहिली सिगारेट पेटवायचे. मी एकदा चिडवलं, "बाबा, पाचवं शील नशेचं आहे ना?"

"त्यात सिगारेट येत नाही," ते म्हणाले. "मी नीट बघून घेतलंय."

आल्यापासून त्यांचा खोकला थांबेना, म्हणून फेब्रुवारीच्या शेवटी आम्ही त्यांना हाउसआर्ट्सकडे, म्हणजे आमच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तिने नळीत फुंकायला लावलं, आकडे बघितले आणि डच लोकांच्या पद्धतीप्रमाणे आडपडदा न ठेवता सांगितलं. वय सदुसष्ट, फुप्फुसं ऐंशीच्या पुढची. आज सोडली तर आहे तेवढं टिकेल, नाहीतर साधी सर्दीसुद्धा महागात पडेल. दोन आठवड्यांनी सगळं बंद झालं. शाळा, ऑफिसं, हॉटेलं आणि मग भारतात जाणारी विमानंही. साध्या सर्दीला आता कोणी साधी म्हणत नव्हतं.

विवेकने मनावर घेतलं. "विमानं सुरू होईपर्यंत बाबांची सिगारेट सुटली पाहिजे," तो म्हणाला. "तिकडे एकटे असतात. इथे आहेत तोवरच काय ते." डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या निकोटीनच्या पट्ट्यांनी बाबांच्या दंडावर लाल चट्टे उठले, त्या चार दिवसांत कचऱ्यात गेल्या. मग विवेकला जे सुचायला हवं होतं तेच सुचलं. व्हेप. जड निकोटीनपासून सुरुवात करायची आणि महिन्या-महिन्याने बाटली हलकी करत शून्यावर आणायची. त्याने स्वतः तेच केलं होतं.

इथे कुठल्याही शहाण्या माणसाने काय केलं असतं? स्वतःकडे आहे तसाच दुसरा मागवला असता. माझ्या नवऱ्याने एक्सेल शीट उघडली.

तीन आठवडे ती शीट चालू होती. तो मशीन बनवणाऱ्या कंपनीत सिस्टिम इंजिनिअर, त्याला साधा पंखा घ्यायचा तरी शीट लागते, हे मला माहीत होतं. बॅटरी किती तास, व्होल्टेज कुठून कुठपर्यंत, कॉइल बदलायला सोपी का, सांडतं का, म्हाताऱ्या बोटांना बटण सापडेल का, रोज वापरून किती महिने टिकेल. प्रत्येकाला मार्क. बाबा बागेत एकामागून एक ओढत होते आणि हा आत मार्क देत होता.

"तुझ्याकडचा चांगला आहे ना?" मी विचारलं. "मग तोच मागव की."

"आणि बाबांनी माझा कधी पाहिला तर? एकसारखे दोन? लगेच ओळखतील ते."

"ओळखू देत. तू सिगारेट सोडलीस, चोरी केली नाहीस."

"समता, तुला नाही कळायचं," तो म्हणाला आणि स्क्रीनकडे वळला. नवऱ्याच्या या वाक्याचा मला जन्माचा राग आहे.

एप्रिलमधली गोष्ट. जयंती नुकतीच झाली होती, लॅपटॉपवर सगळ्यांनी आपापल्या घरून वंदना केली होती. दुपारी ऊन छान पडलं होतं. मी बाबांना चहा द्यायला बागेत गेले. विवेक हवा भरायला गेलेला. शेडचं दार पुरतं लागत नाही, त्या फटीतून पांढरी वाफ बाहेर येत होती आणि वारा आमच्याच दिशेचा होता. बाबांनी त्या दिवशी सिगारेट पाठीमागे नेली नाही.

"समता," ते म्हणाले, "या देशात सायकलला रोज हवा भरावी लागते का ग?"

मी कप खाली ठेवला.

"आणि हवेला पुदिन्याचा वास येतो."

"बाबा..."

"तू काही बोलू नकोस. मी तुला विचारत नाही. तुला विचारलं तर तुझी अडचण होईल." त्यांनी राख झटकली. "आल्या दिवशीच कळलं मला. माझे वडील होते, त्यांच्यासमोर मी कधी ओढली नाही. त्यांना माहीत असणार, एका खोलीचं घर आमचं. पण ते बोलले नाहीत, मी बोललो नाही. ते गेले, त्या दिवशी स्मशानातून आलो आणि पहिल्यांदा अंगणात बसून उघड ओढली. आणि काय सांगू तुला, रडूच आलं. वाटलं, एकदा तरी दोघांनी मिळून ओढायला पाहिजे होती."

मग ते जरा हसले. "ते यंत्र येतंय ना माझ्यासाठी? येऊ दे. मला ते कसं ओढायचं ते कुठे येतंय. दाखवायला त्याला यावंच लागेल. इथे दोन खुर्च्या मांडू. आला तर मी ही सोडीन. आजच सांगून ठेवतो तुला, सोडीन."

"मी सांगू का त्याला?"

"अजिबात नाही. तू सांगून आला तर काय अर्थ. शब्द दे."

मी शब्द दिला. आजही मला त्या शब्दाचा राग येतो, स्वतःचाही येतो. माझ्या हातात एक वाक्य होतं आणि ते मी सुनेच्या शहाणपणापायी गिळलं.

मेच्या दुसऱ्या शनिवारी खोकं आलं. शीटमध्ये पहिला आलेला व्हेप, विवेकच्या व्हेपसारखा अजिबात न दिसणारा. राखाडी, चपटा, बुडाशी आकडे कोरलेलं चाक. तीन पॉइंट तीन ते चार पॉइंट आठ व्होल्ट. बाबांनी बागेत बसून चष्मा लावला, मुंग्यांच्या रांगेसारख्या बारीक अक्षरांतला माहितीचा कागद डोळ्यांजवळ नेला आणि त्यांचा चेहरा खुलला.

"व्हेरिएबल व्होल्टेज! म्हणजे पंख्याचा रेग्युलेटरच की हा," ते मला समजावू लागले. "आत एक तार आहे बघ, तिला रेझिस्टन्स. व्होल्टेज वाढवलं की तार जास्त तापणार, पाणी जास्त उकळणार. अगदी सोपं आहे." मग त्यांनी खिडकीकडे पाहून आवाज चढवला. "पण ओढायचं कसं ते काही लिहिलेलं नाही बुवा यात."

खिडकीच्या आत विवेक उभा होता. मी आत जाऊन भांडी घासायला लागले, तो माझ्या शेजारी. बाबांनी लिक्विड भरलं आणि लगेच ओढलं, सिगारेटसारखं, जोरात. लिक्विडने न भिजलेली कॉइल जळली असणार, शिवाय चाक मधोमध होतं. त्यांना जो ठसका लागला तो पाच मिनिटं थांबेना. मी पाण्याचा तांब्या घेऊन पळाले. परत आले तर विवेक तिथेच, हात खिशात, ओठ हलत होते. "दहा मिनिटं थांबायचं असतं. चाक खाली घ्या. हळू ओढा, बाबा, हळू." काचेला सांगत होता.

"अरे, बाहेर जाऊन सांग ना."

"मला कसं माहीत, म्हणून विचारलं तर?"

शेवटी तो दारापर्यंत गेला आणि तिथूनच म्हणाला, "बाबा, मी नेटवर वाचलं, आधी दहा मिनिटं थांबायचं म्हणे. तुम्हाला व्हिडिओ पाठवतो."

"बरं, पाठव," बाबा म्हणाले. त्यांनी मांडलेली दुसरी खुर्ची त्यांच्या शेजारी रिकामी होती. ती सकाळी त्यांनी स्वतः पुसून ठेवली होती.

दोन आठवडे हे असं चाललं. विवेक व्हिडिओ पाठवायचा. बाबा ते बघायचे नाहीत. रोज एकदा व्हेप काढायचे, ओढायचे, खोकायचे आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "नाही बाबा जमत आपल्याला." मग सिगारेट पेटवायची. ज्या माणसाने छत्तीस वर्षं अख्ख्या कारखान्याचं व्होल्टेज सांभाळलं, त्याला एक चाक दोन घरं मागे घेता येत नव्हतं. विवेकच्या हे एकदाही डोक्यात आलं नाही. माझ्या आलं होतं. मी एकदा संध्याकाळी त्याला गाठलंच. म्हटलं, "जा, त्यांच्याजवळ बस आणि ओढून दाखव. काय होईल फार तर? दोन शिव्या देतील."

"शिव्या दिल्या तर चालतील ग," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "पण ते सगळ्यांना सांगतात, माझ्या पोराला सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. आई गेल्यावर त्यांच्याकडे मिरवायला तेवढंच उरलंय. ते मी कसं काढून घेऊ?"

बाबा बागेत बोलले होते ते सगळं माझ्या जिभेच्या टोकावर होतं. मी ते तिथेच धरून ठेवलं.

मग तो रविवार आला. जेवणं झाली होती. बाबा बागेत होते, विवेक दोरीवरचे कपडे काढत होता. मी दारात. बाबांनी बहुधा ठरवलं होतं, आता आपणच एक पाऊल पुढे जायचं.

"विवेक, इकडे ये. बस इथे."

तो कपड्यांचा ढीग छातीशी धरून तसाच उभा राहिला.

"मला हे काही जमत नाही," बाबा म्हणाले आणि व्हेप त्याच्यापुढे धरला. चाक नेमकं तीन पॉइंट तीनवर होतं, मला दारातून दिसत होतं. "तू एकदा ओढून दाखव. मी बघतो आणि तसं करतो."

शेजारच्यांच्या बागेत त्यांचा कुत्रा पाणी पीत होता तो आवाज येत होता. मी मनात म्हणत होते, घे. घे रे, घे.

"मी?" विवेक म्हणाला. "मी कधी ओढलीच नाही बाबा. मला काय कळतंय त्यातलं?"

"कधीच नाही?"

"नाही."

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. "बरं," ते म्हणाले. "चांगलं आहे."

विवेक कपडे घेऊन आत गेला. बाबांनी व्हेप रुमालाने पुसला, लिक्विड काढून टाकलं, सगळे भाग होते तसे खोक्यात बसवले आणि माहितीचा कागद घडीवर घडी घालून वर ठेवला. मी जवळ गेले तर म्हणाले, "मी विचारायला नको होतं. विचारलं की माणसाला खोटं बोलावं लागतं. चूक माझी आहे." मी काहीतरी बोलणार होते, त्यांनी हात वर केला. दुसऱ्या दिवशी सकाळी पंचशील म्हणताना ते चौथ्या शीलाशी, खोटं न बोलण्याच्या शीलाशी, जरा अडखळले आणि मग पुढे गेले.

त्याच दुपारी त्यांनी मला भारतीय दूतावासाच्या यादीत नाव नोंदवायला सांगितलं. भारतात परतणाऱ्यांसाठी खास विमानं सुटत होती. विवेकने खूप विनवलं, "हिवाळ्यापर्यंत राहा, तिकडे केसेस वाढतायत." बाबा म्हणाले, "घर बंद आहे, विहारातली मंडळी वाट बघतायत." जुलैमध्ये नंबर लागला. निघताना त्यांनी ते खोकं विवेकच्या हातात दिलं.

"तिकडे याला बंदीच आहे. तुझ्याकडे राहू दे," ते म्हणाले. "कोणाच्या तरी उपयोगी पडेल."

"कोणाच्या पडणार," विवेक म्हणाला. त्याला ते वाक्य कळलं नाही. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही आणि मीही त्यांच्याकडे पाहिलं नाही. स्खिपोल विमानतळावर दारातूनच निरोप द्यायचा होता, आत सोडत नव्हते. मास्क लावलेला असल्यामुळे चेहरा धड दिसला नाही.

पुढचं फार सांगत नाही. फोनवर रोज बोलणं व्हायचं. मागे आगपेटीचा आवाज यायचा. पुढच्या एप्रिलमध्ये, जयंतीच्या आदल्या दिवशी त्यांना ताप आला. देहूरोडला शेजारी राहणाऱ्या नरेंद्रकाकांनी खाट मिळवण्यासाठी पुणं पालथं घातलं, एक मिळाली. सहा दिवस ते होते. डॉक्टर फोनवर म्हणाले, आधीच फुप्फुसांत दम नव्हता. सोडली असती तर वाचले असते का, ते कोणी सांगू शकत नाही. मी स्वतःला तेच सांगते, आणि माझा माझ्यावर विश्वास बसत नाही. इथून वेळेत पोचणं शक्य नव्हतं. नरेंद्रकाकांनी सगळं केलं, आम्ही टेबलाशी बसून त्रिशरण-पंचशील म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी विवेक जागचा उठला. मला वाटलं, शेडकडे जाईल. तो स्वयंपाकघरात आला, खालच्या खणातून ते खोकं काढलं आणि बागेत जाऊन बाबांच्या खुर्चीवर बसला. सगळ्यांना दिसेल असा. कॉइल बसवली, लिक्विड भरलं, घड्याळ पाहून दहा मिनिटं थांबला. मग चाक तीन पॉइंट तीनवर घेतलं आणि हळू ओढलं, बशीतला गरम चहा ओढावा तसं. त्याला ठसका लागला नाही.

मी शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसले.

"बघ, एवढंच होतं," तो म्हणाला. "एका मिनिटात दाखवता आलं असतं." त्याला रडू फुटलं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग त्याने तोंड पुसलं. "एकच बरं झालं. त्यांना शेवटपर्यंत माझ्याबद्दल काही कळलं नाही. ते मिरवत गेले. नाही का?"

त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "समता? तुझ्याजवळ कधी काही बोलले होते का?"

वर्षभर मी या बापलेकांना नावं ठेवली होती. बोलून टाका की, म्हणत होते. आता बोलायची पाळी माझी होती. दुसरी खुर्ची, ती कोणी पुसली होती, कशासाठी मांडली होती, सगळं तोंडापर्यंत आलं. त्याने व्हेप दोन्ही हातांत धरला होता.

"नाही रे," मी म्हटलं. "त्यांना काहीच माहीत नव्हतं."

"नक्की?"

"नक्की."

त्याने सुटकेचा निःश्वास टाकला. मग पुन्हा एकदा हळू ओढलं, आणि पुदिन्याचा वास बागभर पसरला.